पडद्यावरचा पाहुणा

नवी वस्तू घरात आली की तिच्यावर काहीतरी पांघरायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. रेडिओवर विणलेला रुमाल आला, टीव्हीवर भरतकामाचा पडदा आला, फ्रिजच्या मुठीलाही कापडी आवरण आले. १९९० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत संगणक येऊ लागला तेव्हा त्यालाही प्लॅस्टिकचे कव्हर शिवले गेले. त्याच्या खोलीत चपला घालून जायचे नाही, असा दंडक कित्येक घरांत होता. पण या यंत्राचे खरे कौतुक होते ते त्याच्या पडद्याचे. कोणी काही करीत नसताना त्यावर मासे पोहत, रंगीत नळांचे जाळे वाढत जाई, काळोखातून तारे अंगावर धावून येत. पाहुण्यांना संगणक दाखवायचा म्हणजे बहुधा हेच दाखवायचे असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि या शोभेला नवे दालन मिळाले. धबधबे, मत्स्यालये, देवादिकांच्या तसबिरी, पडणारा बर्फ. जे हवे ते फुकट उतरवून घेता येऊ लागले. मोडेमची किरकिर ऐकत, फोन अडवून, तास-तासभर थांबून लोकांनी हे स्क्रीनसेव्हर घरी आणले. त्यांतल्या काहींबरोबर न बोलावलेली मंडळीही आली. ती कशी आली, हे समजून घेणे आजही अगत्याचे आहे. कारण ज्या समजुतीवर ती फसवणूक उभी होती ती समजूत अजून गेलेली नाही. उलट आता ती आपल्या खिशातल्या फोनपर्यंत येऊन पोहोचली आहे.

ती समजूत अशी, की स्क्रीनसेव्हर म्हणजे चित्र.

काचेवरचे डाग

मुळात स्क्रीनसेव्हर शोभेसाठी जन्मलाच नव्हता. जुन्या संगणकाचा पडदा टीव्हीसारखा काचेच्या मोठ्या नळीचा असे. काचेच्या आतल्या बाजूला स्फुरद्रव्याचा थर असे, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत आदळला की तो थर उजळे. एकच मजकूर दिवसचे दिवस एकाच जागी राहिला, तर तेवढ्या जागेतला थर लवकर झिजे आणि पडदा बंद केल्यावरही त्या मजकुराची पुसट छाया काचेवर कायमची राही. यावर उपाय म्हणून जॉन सोचा या अमेरिकन प्रोग्रॅमरने आयबीएमच्या पीसीसाठी एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. तो डिसेंबर १९८३ मध्ये 'सॉफ्टटॉक' या संगणकविषयक मासिकात प्रसिद्ध झाला. तीन मिनिटे कोणी कळफलकाला हात लावला नाही, तर पडदा काळा करायचा, एवढेच त्याचे काम. ना मासे, ना तारे.

काळ्या पडद्यावर माणसाचे समाधान होणे कठीणच. १९८९ मध्ये बर्कली सिस्टिम्स या कंपनीने 'आफ्टर डार्क' बाजारात आणला आणि त्यातले पंख फुटलेले, आकाशात उडणारे टोस्टर जगभर गाजले. मग विंडोजनेही आपल्याबरोबर असे काही खेळ देऊ केले. पुढे चपटे एलसीडी पडदे आले आणि डाग पडण्याचे मूळ भय जवळजवळ संपले. आजच्या ओलेड पडद्यांवर ते पुन्हा थोडे आहे. पण त्यावर सर्वांत चांगला इलाज म्हणजे पाच-दहा मिनिटांनी पडदा आपोआप बंद होऊ देणे. त्याने वीजही वाचते. थोडक्यात, स्क्रीनसेव्हर ही आता गरज उरलेली नाही, ती हौस आहे. हौसेला मोल नसते म्हणतात. इथे मात्र ते असते आणि म्हणून हिशेब करायचा.

तीन अक्षरांचे रहस्य

विंडोजमध्ये प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी एक शेपूट असते. एक टिंब आणि त्यापुढे बहुधा तीन-चार अक्षरे. जेपीजी असेल तर छायाचित्र, पीडीएफ असेल तर दस्तऐवज, ईएक्सई असेल तर प्रोग्रॅम. स्क्रीनसेव्हरचे शेपूट एससीआर असे आहे. सामान्य माणसाला वाटते, हा चित्राचाच एखादा प्रकार असावा. वस्तुतः एससीआर फाइल आणि ईएक्सई फाइल यांच्या अंतरंगात काहीही फरक नाही. तो पुरता प्रोग्रॅम असतो. नाव तेवढे बदललेले.

विंडोज त्याला तीन प्रकारे हाक मारते. पडदाभर सुरू हो, अशी एक; तुझी सेटिंग दाखव, अशी दुसरी; आणि निवडीच्या खिडकीत जो चिमुकला संगणक दिसतो त्यात नमुना दाखव, अशी तिसरी. या तिसऱ्या हाकेकडे लक्ष दिले पाहिजे. "बसवत नाही, नुसता कसा दिसतो ते पाहतो" असे आपण म्हणतो. पण नुसते पाहण्यासाठीही तो प्रोग्रॅम चालवावाच लागतो. आणि एकदा चालला की घरच्या माणसाला जे जे करता येते ते ते त्याला करता येते. फोटो उघडता येतात, फाइली पुसता येतात, इंटरनेटवरून आणखी सोबती बोलावता येतात. मासे पोहताना दिसले म्हणजे तो मासे पोहवण्याखेरीज काही करीत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

चित्र भिंतीवर टांगले जाते. प्रोग्रॅम घरात राहायला येतो. हा भेद ज्याला कळला त्याला या विषयातले निम्मे कळले.

देखाव्याआडचा उद्योग

लबाडांना हा भेद फार लवकर कळला. जानेवारी १९९९ मध्ये 'हॅपी नाइन्टी नाइन' नावाची फाइल ई-मेलमधून फिरू लागली. उघडली की पडद्यावर नववर्षाची सुंदर आतषबाजी होई. ती पाहून होईपर्यंत प्रोग्रॅमने इंटरनेटशी बोलणारी विंडोजची एक फाइल बदललेली असे आणि पुढे त्या माणसाने पाठवलेल्या पत्रांच्या पाठोपाठ ही आतषबाजीही रवाना होई. देखावा खराच होता. देखाव्याआडचा उद्योग निराळा होता.

मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या 'लव्ह लेटर'ने जगभर हाहाकार उडवला. त्याने विंडोजच्या एका सवयीचा फायदा उठवला. ओळखीच्या फाइलींची शेपटे विंडोज आपणहून लपवते. त्यामुळे नावात मुद्दाम टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर, अशी अक्षरे घालून खरे शेपूट दडवता आले. वाचणाऱ्याला वाटले, पत्रच आहे.

डिसेंबर २००१ मध्ये तर थेट स्क्रीनसेव्हरचेच सोंग आले. 'गोनर' या नावाने ओळखल्या गेलेल्या या किड्याच्या फाइलचे नाव होते 'गॉन' आणि शेपूट एससीआर. बरोबरच्या पत्राचा आशय असा, की हा स्क्रीनसेव्हर पाहिला आणि मला तुझीच आठवण झाली. पत्र येई ओळखीच्याच माणसाच्या पत्त्यावरून. कारण त्याचा संगणक आधीच बाधित झालेला असे. गोनर आत शिरला की आधी व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर शोधून त्याच्या फाइली पुसत असे. म्हणजे चोराने घरात येताच कुत्र्याचा काटा काढावा तसे. या प्रकरणी इस्रायलमध्ये काही किशोरवयीन मुलांना अटक झाली. जानेवारी २००४ मधल्या 'मायडूम'नेही जी शेपटे वापरली त्यांत एससीआर होतेच. २००९ मध्ये मॅकॅफी या सुरक्षा कंपनीने इंटरनेटवर काय शोधणे सर्वांत जोखमीचे, याची पाहणी केली तेव्हा यादीत अग्रभागी 'स्क्रीनसेव्हर्स' हा शब्द होता.

या रोगाशी महाराष्ट्राचा संबंध केवळ रोगी म्हणून नाही. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेले कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करीत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळांना व्हायरसची बाधा झालेली दिसे. त्या काळी ती बहुधा फ्लॉपीतून येई. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहायला घेतला आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले.

मग सगळेच स्क्रीनसेव्हर वाईट का? मुळीच नाही. मे १९९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने 'सेटी ॲट होम' हा उपक्रम सुरू केला. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांत कुठे परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांची चाहूल लागते का, हे तपासायला लागणारी आकडेमोड घरोघरच्या रिकाम्या संगणकांवर वाटून द्यायची, अशी ही कल्पना. तेही स्क्रीनसेव्हरच्या रूपाने. ५० लाखांहून अधिक लोकांनी आपली यंत्रे त्यासाठी दिली. मार्च २०२० मध्ये नवे काम वाटणे थांबले. याही प्रोग्रॅमला घरात प्रवेश हवा होता, तोही इंटरनेटशी बोलत होता. पण तो कोणी केला, काय करतो, कुठे काय पाठवतो हे उघड होते. पाहुणा चांगला की वाईट हे त्याच्या कपड्यांवरून ठरत नाही. तो कोण, कुठला आणि कशाला आला हे सांगतो की नाही, यावरून ठरते.

फुकट ते पौष्टिक?

व्हायरसइतकाच, किंबहुना त्याहून अधिक प्रचलित त्रास दुसराच होता. मत्स्यालय फुकट मिळे. पण ते बसवताना आणखी तीन-चार प्रोग्रॅम गुपचूप आत येत. ब्राउझरच्या माथ्यावर नवी पट्टी दिसू लागे, मुखपृष्ठ बदले, जाहिरातींच्या खिडक्या उघडू लागत, कुठे काय पाहिले याची नोंद तिसऱ्याकडे जाई. हे सगळे बेकायदाच होते असेही नाही. बसवताना जो लांबलचक मजकूर पुढे येई त्यात बारीक अक्षरात ते लिहिलेले असे आणि आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट' करीत त्यावर संमतीचा अंगठा उठवलेला असे. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवण्याच्या कथा आपण पिढ्यान् पिढ्या ऐकल्या. इथे अंगठ्याऐवजी माउस आला, एवढेच.

बसवायचाच असेल तर

आता मुख्य प्रश्न. जुन्या आठवणींपोटी कोणाला उडते टोस्टर हवे असतात, कोणाला पडदाभर घड्याळ हवे असते, नातवंडांना मासे हवे असतात. हौस मारून टाकावी असे कोणी सांगणार नाही. ती बेताने करावी.

पहिली गोष्ट, घरात आहे ते आधी पाहावे. विंडोजमध्ये काही स्क्रीनसेव्हर मुळातच असतात. 'पर्सनलायझेशन'मधील 'लॉक स्क्रीन'च्या पानावर त्यांची वाट सापडते. त्यांतला 'फोटोज' हा प्रकार आपल्याच संग्रहातली छायाचित्रे एकामागून एक दाखवतो. अष्टविनायक असोत, नाहीतर नातीचे बारसे. फोल्डर दाखवून दिला की झाले. बाहेरून आणायची ती साधी छायाचित्रे, प्रोग्रॅम नव्हे. बहुतेकांची हौस इथेच भागते.

दुसरी गोष्ट, मूळ घरातूनच घ्यावे. स्क्रीनसेव्हर ज्याने केला त्याच्याच संकेतस्थळावरून तो उतरवावा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दुकानातून. शोध घेतल्यावर वर जे दिसते ते पुष्कळदा जाहिरात असते आणि पानावरचे सर्वांत मोठे, सर्वांत हिरवे 'डाउनलोड'चे बटण बहुधा खरे नसते. पत्रासोबत किंवा निरोपासोबत आलेला स्क्रीनसेव्हर, मग तो सख्ख्या भावाच्या पत्त्यावरून का येईना, उघडू नये. भावाला फोन करून विचारावे. आणि पासवर्ड लावलेली झिप फाइल आली, पासवर्डही त्याच पत्रात लिहिलेला असला, तर अधिकच सावध व्हावे. व्हायरस शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला आत डोकावता येऊ नये म्हणूनही ते कुलूप घातले जाते.

तिसरी गोष्ट, शेपूट पाहावे. विंडोज ११ च्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', त्यात 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण केली की लपलेली शेपटे दिसू लागतात. दोन मिनिटांचे काम आहे, आयुष्यभर पुरते. फाइलचे चिन्ह छायाचित्रासारखे आहे यावर विसंबू नये, ते हवे तसे देता येते. अक्षरे उलट्या क्रमाने दाखवणारे एक अदृश्य चिन्ह घालून शेपूटही फसवे भासवता येते. म्हणून 'टाइप' या रकान्यात काय लिहिले आहे तेही वाचावे. छायाचित्र म्हणून आलेल्या फाइलपुढे तिथे 'स्क्रीन सेव्हर' असे दिसले, की ती न उघडता पुसून टाकावी.

चौथी गोष्ट, उघडण्याआधी तपासावे. विंडोजमधला डिफेंडर सुरू आणि अद्ययावत असावा. फाइलवर उजवी टिचकी देऊन ती तपासता येते. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली 'व्हायरसटोटल' ही सेवा एकच फाइल कित्येक कंपन्यांच्या चाळणीतून घालून दाखवते. मात्र तिथे चढवलेली फाइल इतर अभ्यासकांनाही पाहता येते. तेव्हा घरचे कागदपत्र तिथे टाकू नयेत. 'काही सापडले नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा नव्हे, हेही ध्यानात असावे. नव्या लबाडीची ओळख पटायला वेळ लागतो.

पाचवी गोष्ट, बसवताना वाचावे. नुसती एससीआर फाइल असेल तर तिच्यावर दोनदा टिचकी मारली की ती लगेच चालू लागते. उजवी टिचकी देऊन 'इन्स्टॉल' निवडले की ती निवडीच्या खिडकीत येते, आणि तिथेही नमुन्यादाखल चालतेच. म्हणून तपासणी या दोहोंच्या आधी. बसवणारा प्रोग्रॅम असेल तर 'एक्स्प्रेस'ऐवजी 'कस्टम' निवडावे आणि आगाऊ जोडलेल्या सामानावरच्या खुणा काढाव्यात. विंडोजने निळी चौकट दाखवून अडवले, तर ती चौकट म्हणजे नेमका आपलाच रखवालदार आहे, हे विसरू नये. तिच्यातले 'रन एनीवे' हे बटण घाईने दाबायचे नसते. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे जो स्क्रीनसेव्हर सांगतो त्याला तिथूनच निरोप द्यावा. घरी येणारा कोणी "तुमचा कुत्रा आधी बांधा, नाहीतर घराबाहेर काढा" म्हणाला, तर बांधणे समजू शकते. घराबाहेर काढणे नाही.

सहावी गोष्ट, घराची रचनाच अशी ठेवावी की चूक झाली तरी घर बुडू नये. रोजच्या वापराचे खाते 'स्टँडर्ड' असावे, सर्वाधिकार असलेले खाते वेगळे. मुलांचे खाते स्वतंत्र. छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क एरवी संगणकाला न जोडलेली. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; जुन्या यंत्रावर हौस करताना हे लक्षात घ्यावे. आणि ज्यांच्याकडे विंडोजची 'प्रो' आवृत्ती आहे त्यांना 'सँडबॉक्स' नावाची एक तात्पुरती खोली मिळते. तिथे संशयास्पद प्रोग्रॅम चालवून पाहावा, खोली बंद केली की आतले सगळे पुसले जाते.

एवढे करूनही काही बिनसले, तर आधी इंटरनेट तोडावे. त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. लाजेने लपवण्यात जे तास जातात त्यांत पैसे पुढे सरकत असतात.

खिशातले घर

हे सारे वाचून कोणी म्हणेल, आता स्क्रीनसेव्हर कोण उतरवतो? आमचा संगणक म्हणजे आमचा फोन. नेमके तिथेच यायचे आहे. २०२४ मध्ये देशात ठिकठिकाणच्या पोलिसांनी एका नव्या फसवणुकीबद्दल सावध केले. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. ती उघडायला गेले की काहीतरी बसवण्याची परवानगी मागितली जाते, कारण ती पत्रिका नसतेच. एपीके शेपटाचा अँड्रॉइड प्रोग्रॅम असतो. परवानगी दिली की तो संदेश वाचू लागतो. बँकेचा ओटीपी संदेशातूनच येत असल्यामुळे पुढचे सांगायला नको. हा गोनरचाच वंशज. तेव्हा 'तुझी आठवण झाली' म्हणून स्क्रीनसेव्हर येई, आता 'अगत्य येण्याचे करावे' म्हणून पत्रिका येते. दोन्ही वेळा वार होतो तो आपल्या आपुलकीवर.

आणि म्हणूनच फसलेल्याला 'अडाणी' म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. आलेली पत्रिका उघडून पाहणे हा काही दोष नव्हे; आपल्याकडे तो शिष्टाचार आहे. घरातल्या जाणत्या मुला-मुलींनी वडीलधाऱ्यांच्या हातून फोन काढून घेण्यापेक्षा त्यांना एकच खूण शिकवावी. पत्रिका, फोटो, चित्र, पत्र यांपैकी कशालाही पाहण्यासाठी 'बसवावे' लागत नाही. जे बसवायला सांगते ते चित्र नसते. मग कितीही सुंदर मासे पोहत असोत, कितीही शुभ चौघडे वाजत असोत, तिथे बोट थांबवायचे आणि पाठवणाऱ्याला फोन लावायचा.

दारावरची कडी वाजली की आपण आतूनच "कोण आहे?" असे विचारतो. त्यात कोणाचा अपमान होत नाही आणि खरा पाहुणा कधी रागावतही नाही. उलट मोठ्याने आपले नाव सांगतो. पडद्यावरच्या पाहुण्यालाही हाच प्रश्न विचारायची सवय घरातल्या सगळ्यांना लागली, की मग मासे खुशाल पोहू द्यावेत.